टॉमकॅट ठेवावा की बदलावा? पाथ आणि लायब्ररीच्या भानगडींसकट माझं परीक्षण

नाशिकमधल्या छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा व्यवसाय. पंचवटीत एक पतसंस्था, सातपूर एमआयडीसीत काही कारखाने, दिंडोरी रोडला एक द्राक्षांचं पॅकहाऊस, अशी गिऱ्हाइकं आहेत. सगळ्यांकडे जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स आहेत आणि ती अपाची टॉमकॅटवर चालतात. काही बंद पडलं की मालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, हा टॉमकॅटच बदलून टाकायचा का?" फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून काढते.

माझं मत आधीच सांगते. बदलू नका. टॉमकॅटच्या नावाने येणाऱ्या बहुतेक तक्रारी पाथच्या (फाईल कुठे आहे तो पत्ता) किंवा लायब्ररीच्या (ॲप्लिकेशनला लागणारा तयार कोड) असतात. फाईल जागेवर असते, पण सर्व्हर ती दुसरीकडे शोधत असतो. जार, म्हणजे जावाच्या लायब्ररीची फाईल, असते, पण भलत्याच आवृत्तीची उचलली जाते. अशा वेळी टॉमकॅटचा मोठा गुण म्हणजे तो काही लपवत नाही. सुरू होतानाच लॉगच्या, म्हणजे तो लिहीत जातो त्या नोंदींच्या फाईलच्या, पहिल्या पाना-दीड पानात तो स्वतःची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, जावा कुठल्या फोल्डरातून घेतला, कॅटलिना होम कुठे, कॅटलिना बेस कुठे (हे टॉमकॅटचे दोन मुख्य फोल्डर, पुढे सांगते) आणि जावाला कमांड लाइनवरून कोणकोणते पर्याय मिळाले हे सगळं एकाखाली एक छापतो. अडचण आली की मी सर्वांत आधी तेच वाचते, आणि निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळतं.

ज्यांना टॉमकॅट नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच की हा सर्व्हलेट आणि जेएसपी, म्हणजे वेबपानं बनवणारे जावाचे प्रोग्रॅम, चालवणारा सर्व्हर आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये त्याची सुरुवात झाली आणि १९९९ मध्ये तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आला. अपाची लायसन्स २.० खाली मोफत आहे. डाउनलोड १५ एमबीच्या आत. मशीनवर जावा असेल तर फाईल उघडा, स्टार्टअप चालवा, ८०८० पोर्टवर पान दिसतं. पतसंस्थेसारख्या ठिकाणी जिथे प्रत्येक खर्च संचालक मंडळासमोर मांडावा लागतो तिथे हे फार मोलाचं आहे.

आता बसवण्याबद्दल, कारण पाथचं दुखणं इथूनच सुरू होतं. टॉमकॅट दोन प्रकारे येतो. एक, अपाचीच्या साइटवरून टार फाईल आणायची आणि /ऑप्टमध्ये उघडायची. बिन, कॉन्फ, लिब, लॉग्ज, वेबॲप्स सगळं एका फोल्डरात. दुसरं, लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमधून. उबंटू २२.०४ वर टॉमकॅट ९ असा घेतला तर होम /यूएसआर/शेअर/टॉमकॅट९ मध्ये, बेस /व्हार/लिब/टॉमकॅट९ मध्ये, कॉन्फिगरेशन /ईटीसी/टॉमकॅट९ मध्ये आणि लॉग /व्हार/लॉग/टॉमकॅट९ मध्ये जातात. दोन्ही रचना बरोबर आहेत. घोटाळा होतो तो ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने एक रचना गृहीत धरली आणि सर्व्हरवर दुसरी असली की.

होम आणि बेस हा फरक टॉमकॅटची मला सर्वांत आवडणारी सोय आहे, आणि इथले फार थोडे लोक ती वापरतात. होममध्ये टॉमकॅटचे मूळ प्रोग्रॅम राहतात. बेसमध्ये तुमचं कॉन्फिगरेशन, तुमची ॲप्लिकेशन्स, तुमचे लॉग. बेस वेगळा सांगितला नाही तर टॉमकॅट होमलाच बेस धरतो, आणि मग नवी आवृत्ती आणताना लोक जुन्या फोल्डरातून एकेक फाईल शोधून कॉपी करत बसतात. एखादी जार राहते, एखादी जुनी नको असताना येते. मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे बेस वेगळा ठेवते. नवी आवृत्ती आली की नव्या फोल्डरात उघडायची, होमचा पाथ बदलायचा, सर्व्हिस रिस्टार्ट करायची. परत फिरायचं असेल तर तोच पाथ पुन्हा जुना करायचा.

पतसंस्थेचं उदाहरण देते. त्यांचं ॲप्लिकेशन खातेदारांची पासबुकं पीडीएफमध्ये काढून /डेटा/पासबुक या फोल्डरात ठेवायचं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी पाथ कोडमध्येच पक्का लिहून टाकला होता. नव्या मशीनवर पॅकेजमधला टॉमकॅट आला आणि फाईल लिहिली जाईना. त्यांच्या माणसाने फोल्डरला सरसकट ७७७ परवानगी, म्हणजे कुणालाही वाचायची-लिहायची मुभा, देऊन टाकली, तरीही लॉगमध्ये "रीड ओन्ली फाईल सिस्टिम" हीच एरर. डिस्क तर व्यवस्थित होती, त्याच फोल्डरात हाताने फाईल बनत होती.

खरं कारण सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस फाईलमध्ये होतं. उबंटूच्या पॅकेजमध्ये टॉमकॅटला सुरक्षेसाठी कुंपणात ठेवलेलं असतं. "प्रोटेक्ट सिस्टिम" ही सेटिंग "स्ट्रिक्ट" असते आणि "रीड राइट पाथ्स"मध्ये जेवढे फोल्डर लिहिलेत तेवढ्यांतच टॉमकॅटला लिहिता येतं. बाकी सगळी डिस्क त्याला फक्त वाचण्यापुरती दिसते, परवानग्या काहीही असोत. उपाय सोपा आहे. सिस्टिमसीटीएल एडिट ही कमांड देऊन सर्व्हिस या भागाखाली "रीड राइट पाथ्स"ची एक ओळ द्यायची, त्यात आपला फोल्डर लिहायचा, डिमन रिलोड आणि रिस्टार्ट. मूळ फाईलला हात लावायचा नाही, नाहीतर पॅकेज अपडेट झालं की बदल जातो. हे कुंपण मला मनापासून योग्य वाटतं. खातेदारांचे पैसे ज्या मशीनवर नोंदले जातात तिथे वेब सर्व्हरला वाटेल तिथे लिहिता येता कामा नये. ७७७ मात्र मी त्याच दिवशी काढून टाकलं. याच सर्व्हिस फाईलमध्ये "प्रायव्हेट टेंप"ही चालू असतं. त्यामुळे टॉमकॅटने /टेंपमध्ये टाकलेली फाईल तुम्हाला टर्मिनलवरच्या /टेंपमध्ये दिसत नाही. ॲप्लिकेशन म्हणतं फाईल बनवली, माणूस म्हणतो फाईल नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

याच पतसंस्थेत मराठी फॉन्टचाही प्रश्न आला होता. जॅस्पर रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवणाऱ्या लायब्ररीने पावती काढताना "मंगल हा फॉन्ट जेव्हीएमला उपलब्ध नाही" असं सांगितलं. जेव्हीएम म्हणजे जावा चालवणारं इंजिन. मंगल विंडोजबरोबर येतो, लिनक्सवर तो नसतो. फॉन्ट सिस्टिमवर टाकून मोकळं होता येतं, पण मग पुढच्या मशीनवर पुन्हा तेच. मोकळा परवाना असलेला देवनागरी फॉन्ट घ्या, जॅस्परच्या पद्धतीने त्याची फॉन्ट एक्स्टेन्शन जार बनवा आणि ती ॲप्लिकेशनच्याच लिबमध्ये ठेवा. वॉर फाईल, म्हणजे ॲप्लिकेशनचं गाठोडं, जिथे जाईल तिथे फॉन्ट बरोबर जातो.

सातपूरच्या एका कारखान्यातली तक्रार अशी होती की वीज जाऊन आली की रिपोर्ट निघत नाहीत, पण कुणी हाताने टॉमकॅट सुरू केला की निघतात. हाताने सुरू करताना माणूस लॉगिन करतो, त्याच्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाईलमधलं जावा होम (जावा कुठे आहे तो पाथ) आणि बाकीचं वातावरण, म्हणजे इतर सेटिंग्ज, टॉमकॅटला मिळतं. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप चालू होतो तेव्हा टॉमकॅटला सिस्टिमडी उठवतो, आणि सिस्टिमडी कुणाचीही बॅशआरसी वाचत नाही. शिवाय रिपोर्टच्या टेंप्लेट फाईलचा पाथ कोडमध्ये नुसता "रिपोर्ट्स" असा सापेक्ष होता. असा पाथ टॉमकॅट ज्या फोल्डरात उभा राहून सुरू झाला तिथून मोजला जातो. माणूस सुरू करायचा ॲप्लिकेशनच्या फोल्डरातून, सिस्टिमडी सुरू करतो थेट रूट फोल्डरातून. म्हणजे एकाच तक्रारीत दोन कारणं गुंतलेली होती, आणि एक काढलं तरी दुसरं उरायचं.

अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा चालू असलेल्या प्रोसेसलाच विचारावं. पीएस कमांडने टॉमकॅटची पूर्ण कमांड लाइन दिसते. /प्रॉक खाली त्या प्रोसेसच्या नंबराच्या फोल्डरात एन्व्हायरन नावाची फाईल असते, तिच्यात त्याला सुरू होताना मिळालेलं सगळं वातावरण असतं. जेसीएमडी या जावाच्या कमांडला सिस्टिम प्रॉपर्टीज विचारल्या की जावा होम, लायब्ररी पाथ, चालू फोल्डर सगळं समोर येतं. तुम्ही जे लिहिलंय ते आणि टॉमकॅटला जे मिळालंय ते, यातला फरक तिथेच दिसतो.

टॉमकॅटच्या बाजूने सांगायचं तर या सेटिंग्जसाठी त्याने एक ठरलेली जागा दिलेली आहे. बिन फोल्डरात सेटएन्व्ह डॉट एसएच नावाची फाईल. ती मुळात नसते, आपण बनवायची. टॉमकॅटच्या स्क्रिप्ट ती आपोआप वाचतात. बाहेर कुणी क्लासपाथ, म्हणजे जावाने कोड शोधायच्या जागांची यादी, सेट केला असेल तर टॉमकॅट तो मुद्दाम रिकामा करून सुरू होतो, म्हणजे कुणाच्या प्रोफाइलमधला जुना क्लासपाथ ॲप्लिकेशनमध्ये घुसत नाही. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. एक भेद लक्षात ठेवा, मेमरी आणि लायब्ररीचे पर्याय कॅटलिना ऑप्ट्समध्ये घाला, जावा ऑप्ट्समध्ये नको. जावा ऑप्ट्स टॉमकॅट थांबवतानाही लागू होतात, आणि मोठी मेमरी मागितलेली असेल तर थांबवण्याची कमांडच अडकू शकते.

आता पॅकहाऊस. हे मी जरा सविस्तर सांगणार, कारण इथे जे शिकायला मिळालं ते मला कुठे एका जागी लिहिलेलं सापडलं नाही.

जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. बागेतून द्राक्षांचे क्रेट येतात, वजनकाट्यावर चढतात आणि वजन शेतकऱ्याच्या नावावर, प्लॉटच्या नोंदणी क्रमांकाखाली थेट स्क्रीनवर यावं लागतं. माल युरोपला जाणार असेल तर कुठली पेटी कुठल्या बागेची हे शेवटपर्यंत सांगता यायला हवं, त्यामुळे वजन हाताने लिहून नंतर भरू असं म्हणून चालत नाही. काटा सिरियल केबलने सर्व्हरला जोडलेला आहे. केबलवरचे आकडे वाचायला ॲप्लिकेशन आरएक्सटीएक्स ही लायब्ररी वापरतं. तिचे दोन भाग असतात, एक जावाची जार आणि एक सी भाषेतली मूळ लायब्ररी, म्हणजे डॉट एसओ फाईल. दोन्ही भाग टॉमकॅटला सापडले तरच काटा बोलतो.

ऐन हंगामात संध्याकाळी सुपरवायझरांचा फोन. "ताई, काट्यावर वजन दिसतंय पण कॉम्प्युटरात येईना. बाहेर गाड्या उभ्या आहेत." मशीनवर त्या आठवड्यात एकच बदल झाला होता. ॲप्लिकेशनवाल्यांनी पॅकेजमधला जावा काढून टेम्युरिन या दुसऱ्या वितरणाचा जावा टार फाईलमधून बसवला होता, आवृत्ती तीच. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: अनसॅटिस्फाइड लिंक एरर, आणि पुढे "जावा लायब्ररी पाथमध्ये आरएक्सटीएक्स सिरियल नाही". डॉट एसओ फाईल तर /यूएसआर/लिब/जेएनआय मध्ये जागच्या जागी होती. कुणी हलवली नव्हती.

हलला होता तो पाथ. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमधल्या ओपनजेडीके नावाच्या जावामध्ये मूळ लायब्ररी शोधण्याच्या यादीत /यूएसआर/लिब/जेएनआय हा फोल्डर त्यांनी स्वतः घातलेला असतो. टेम्युरिनच्या यादीत तो नसतो. तिथे /यूएसआर/जावा/पॅकेजेस/लिब, /यूएसआर/लिब६४, /लिब६४, /लिब आणि /यूएसआर/लिब एवढेच असतात. दोन्ही जावा बरोबर, दोन्ही त्याच आवृत्तीचे, पण एकाला तो फोल्डर माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. सेटएन्व्हमध्ये जावा लायब्ररी पाथचा पर्याय लिहून तो फोल्डर दिला, टॉमकॅट रिस्टार्ट केला, आणि पहिल्या क्रेटचं वजन स्क्रीनवर आलं. हा पर्याय जुन्या यादीत भर घालत नाही, सगळी यादी बदलतो. आणखी कुठल्या मूळ लायब्ररी लागत असतील तर त्यांचेही फोल्डर तिथेच कोलन देऊन लिहा.

काही दिवसांनी त्यांनी ॲप्लिकेशनची नवी वॉर फाईल टाकली, टॉमकॅट चालू ठेवूनच. पुन्हा काटा बंद. एरर वेगळी: "मूळ लायब्ररी आधीच दुसऱ्या क्लासलोडरमध्ये लोड झालेली आहे". हे समजून घ्यायला टॉमकॅट जार कशा शोधतो ते माहीत हवं. प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःचा क्लासलोडर, म्हणजे क्लास (जावा कोडचे तुकडे) शोधून आणणारा भाग, असतो. क्लास हवा असला की तो जावाचे मूळ क्लास पाहून झाल्यावर आधी ॲप्लिकेशनच्या वेबइन्फ क्लासेसमध्ये, मग वेबइन्फ लिबमध्ये बघतो, आणि तिथे नसेल तरच टॉमकॅटच्या सामायिक लिबकडे जातो. एकत्र कुटुंबात माणूस आधी आपल्या खोलीतलं कपाट उघडतो आणि नाही सापडलं तर माजघरातलं, तसं. नवी वॉर आली की नवा क्लासलोडर तयार होतो. पण जावाचा नियम असा की एक मूळ लायब्ररी एका वेळी एकाच क्लासलोडरला मिळते. जुना क्लासलोडर मेमरीतून गेलेला नसतो, लायब्ररी त्याच्याकडेच राहते, नव्याला मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे आरएक्सटीएक्सची जार वॉरमधून काढून बेसच्या लिब फोल्डरात ठेवणं. तिथला क्लासलोडर टॉमकॅट चालू असेपर्यंत बदलत नाही, ॲप्लिकेशन कितीही वेळा नवं टाका. इथे एक गोष्ट हमखास निसटते, लिबमध्ये टाकली तरी वॉरमधली प्रत काढलीच पाहिजे. ती राहिली तर ॲप्लिकेशन आपल्या कपाटातलीच उचलणार. तेव्हापासून पॅकहाऊसमध्ये ही जार बेसच्या लिबमध्ये आहे आणि वॉर कितीदा बदलली तरी काट्याला धक्का लागलेला नाही.

काट्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते. टॉमकॅट ज्या युजरने चालतो तो डायलआउट ग्रुपमध्ये हवा, नाहीतर सिरियल पोर्ट उघडत नाही. आणि जुन्या मशीनवरून डॉट एसओ फाईल उचलून आणली असेल तर ती ३२ बिटची नाही ना ते बघा. तशी असेल तर "राँग ईएलएफ क्लास" म्हणून एरर येते. फाईल नावाची कमांड क्षणात सांगते की ती कुठल्या जातीची आहे, आणि एलडीडी सांगते की तिला स्वतःला आणखी कुठल्या लायब्ररी लागतात.

साध्या जारच्या एरर मी अशा वाचते. "क्लास नॉट फाउंड" म्हणजे तो क्लास शोधणाऱ्या क्लासलोडरला कुठेच मिळाला नाही. "नो क्लास डेफ फाउंड" असेल तर कोड कंपाइल होताना क्लास होता, चालताना नाही, किंवा तो आधी एकदा लोड होतानाच कोसळला. दुसऱ्या प्रकारात खरं कारण लॉगमध्ये बरंच वर, पहिल्या वेळी छापलेलं असतं, म्हणून शेवटची ओळ वाचून थांबू नका. "नो सच मेथड" ही दोन आवृत्त्यांची खूण आहे. क्लास मिळाला, पण भलत्या आवृत्तीचा. "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन"मध्ये आकडा असतो: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे जावा १७. तुमचा कोड ६१ चा आणि सर्व्हरचा जावा ११ असेल तर जार शोधण्यात वेळ घालवू नका, जावा बदला.

दोन आवृत्त्यांचं प्रकरण सर्वांत चिवट. एका कारखान्याच्या वेबइन्फ लिबमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन जार होत्या, जुनी आणि नवी. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालायचं, सर्व्हरवर नाही. वेबइन्फ लिबमधल्या जार कुठल्या क्रमाने बघायच्या हे सर्व्हलेटच्या नियमांत सांगितलेलंच नाही, त्यामुळे एका मशीनवर नवी आधी सापडली म्हणून दुसऱ्यावरही तीच सापडेल याची हमी नाही. जावाला व्हर्बोज क्लास हा पर्याय दिला की प्रत्येक क्लास कुठल्या जारमधून आला ते छापून येतं. तिथे जुन्या जारचं नाव दिसलं आणि वाद मिटला. हा पर्याय लॉग भरभरून वाढवतो, काम झालं की काढून टाका. डेटाबेसच्या ड्रायव्हरचं मात्र उलट आहे. कनेक्शन पूल (डेटाबेसची उघडून ठेवलेली कनेक्शन्स) टॉमकॅटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवला असेल तर ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिबमध्येच हवी, वॉरमधली त्याला दिसत नाही.

आता मला न आवडलेल्या गोष्टी. ॲप्लिकेशन सुरू झालं नाही तर कॅटलिना लॉग या मुख्य लॉगमध्ये बऱ्याचदा एवढंच येतं की लिसनर (ॲप्लिकेशन सुरू होताना चालणारा भाग) सुरू झाला नाही, तपशील योग्य त्या लॉगमध्ये बघा. तो योग्य लॉग म्हणजे लोकलहोस्ट आणि तारीख अशा नावाची शेजारची फाईल. नवखी मुलं तिथे पोचतच नाहीत आणि "टॉमकॅट काही सांगत नाही" म्हणतात. ते नाव त्याच ओळीत छापलं असतं तर किती वेळ वाचला असता. कॅटलिना डॉट आउट ही फाईल टॉमकॅट स्वतःहून कापत नाही, टार फाईलमधून बसवला असेल तर लॉग कापणारं लॉगरोटेट आपण लावायचं, नाहीतर डिस्क भरते. विंडोजवर सर्व्हिस म्हणून चालवला तर सेटएन्व्ह वाचलीच जात नाही, तिथे टॉमकॅटच्या कॉन्फिगरेशनच्या छोट्या खिडकीत पर्याय भरावे लागतात. कागदपत्रं अचूक आहेत, क्लासलोडरचं पान तर प्रत्येक जावा डेव्हलपरने वाचावं असं आहे, पण ती शिकवत नाहीत, नोंद करतात.

आवृत्ती निवडताना मात्र खरी काळजी घ्या. टॉमकॅट ९ पर्यंत सर्व्हलेटचे क्लास जावाएक्स या नावाने सुरू होतात, १० पासून जकार्ता या नावाने. ओरॅकलने जावा ईई (सर्व्हरवरच्या जावाचे ठरलेले नियम) एक्लिप्स फाउंडेशनकडे दिल्यावर जुनं नाव पुढे वाढवता येईना, म्हणून जकार्ता ईई ९ मध्ये सगळं नाव बदललं. परिणाम असा की टॉमकॅट ९ वर वर्षानुवर्षं चाललेली वॉर १० वर टाकली की जावाएक्सचे क्लास सापडत नाहीत आणि ती उभीच राहत नाही. ही जार शोधून, लिबमध्ये जुनी सर्व्हलेट जार टाकून सुटणारी गोष्ट नाही. तसं करणारे मी पाहिले आहेत आणि त्यातून गुंता वाढतोच. उबंटू २४.०४ च्या पॅकेजमध्ये सर्व्हर म्हणून टॉमकॅट १० मिळतो, त्यामुळे नवं मशीन घेणाऱ्या बऱ्याच जणांना हा धक्का बसतो. टॉमकॅटवाल्यांनी यावर चांगली सोय केली आहे. वेबॲप्स जावाईई नावाचा फोल्डर बनवून जुनी वॉर त्यात टाकली की टॉमकॅट १० ती स्वतः रूपांतरित करून घेतो. तेच काम करणारं वेगळं साधनही त्यांनी दिलं आहे. पतसंस्थेची वॉर मी आधी चाचणीच्या मशीनवर अशी चालवून पाहिली आणि प्रत्येक रिपोर्ट काढून बघितल्यावरच पुढे गेले.

टॉमकॅट ८.५ चा आधार ३१ मार्च २०२४ ला संपला. कुणाकडे अजून तो चालू असेल, आणि नाशिकमध्ये तशी ऑफिसं आहेत, तर आधी ९ वर या. त्याला जावा ८ पुरतो आणि जुना कोड सहसा तसाच चालतो. नवं ॲप्लिकेशन लिहून घेत असाल तर १०.१ किंवा ११ धरा. १०.१ ला जावा ११ लागतो, ११ ला जावा १७. स्प्रिंग बूट हा जावाचा तयार सांगाडा वापरणारे तुम्हाला सांगतील की आमच्यात टॉमकॅट लागतच नाही. त्यांच्या जारच्या पोटात मुळात टॉमकॅटच बसलेला असतो, आणि एका ॲप्लिकेशनपुरतं ते चांगलंच आहे, होम आणि बेसचा प्रश्नच उरत नाही. पण काट्यासारखी मूळ लायब्ररी असेल तर लायब्ररी पाथ तिथेही द्यावाच लागतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या लोकलहोस्ट लॉगचा कापला. पॅकहाऊसचा सर्व्हर सध्या ९ वर आहे आणि हंगामात त्याला कुणी हात लावायचा नाही असं मालकांशी ठरलेलं आहे. मे महिन्यात बागांची खरड छाटणी उरकली आणि काटा मोकळा झाला की १०.१ चा वेगळा बेस शेजारी उभा करायचा, रिकाम्या क्रेटवर वजनं घेऊन बघायची, आणि जुना बेस पुढच्या हंगामापर्यंत तसाच ठेवायचा.